बडोद्याची कमाटी बाग: एका दिवसात काय, कसं आणि कोणत्या क्रमाने?

भटकी_पिशवी | सोमवार, सकाळी ९.१२

डिसेंबरमध्ये एका दिवसासाठी बडोद्याला जायचं ठरतंय. सकाळी आठ-साडेआठला स्टेशनवर उतरायचं आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत. सोबत सत्तरी ओलांडलेले दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. लक्ष्मी विलास राजवाडा पुढच्या खेपेला. हा अख्खा दिवस कमाटी बागेला द्यायचा विचार आहे. यादी अशी: म्युझियम, प्राणिसंग्रहालय, तारांगण, फुलांचं घड्याळ, छोटी आगगाडी.

प्रश्न तीन. ज्येष्ठांना न दमवता एवढं होईल का? क्रम काय लावावा? आणि विश्वामित्रीतल्या मगरी बागेतून खरंच दिसतात का?

सयाजीगंजकर | सोमवार, सकाळी ९.४०

होईल, पण आधी वार बघा. प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. दुसरं म्हणजे बाग आणि प्राणिसंग्रहालय महापालिकेकडे, तर म्युझियम राज्य सरकारकडे. त्यामुळे तिकीटखिडक्या वेगळ्या, वेळा वेगळ्या, सुट्ट्याही वेगळ्या. सरकारी सुट्टीच्या दिवशी बाग माणसांनी फुललेली असते आणि म्युझियमला कुलूप असतं. नाताळच्या आठवड्यात येणाऱ्यांची नेमकी इथेच फसगत होते.

स्टेशनवर उतरल्यावर अलकापुरीच्या बाजूला जाऊ नका, सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा. तिथून काळा घोडा चालत पंधरा-वीस मिनिटं. ज्येष्ठांसाठी रिक्षा करा, चालायची ताकद आतल्यासाठी राखून ठेवा. बाग ११३ एकरांची आहे आणि प्राणिसंग्रहालय नदीच्या दोन्ही काठांवर पसरलंय. सगळं पायी फिरलात तर दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागतील.

चिंचपेटी | सोमवार, सकाळी १०.०५

काळा घोडा तर मुंबईत ना?

पुराणवस्तू | सोमवार, सकाळी १०.३१

दोन्हीकडे आहे. मुंबईचा घोडा सातव्या एडवर्डचा, शिल्पकार बोएम. तो १९६५ मध्ये हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. बडोद्याच्या घोड्यावर तिसरे सयाजीराव आहेत. तो फ्रान्सिस डरवेंट वुडने केला, १९०७ मध्ये बसवला आणि तो अजून आपल्या जागी, विश्वामित्रीच्या पुलाजवळ, बागेच्या तोंडाशी उभा आहे.

दोन्ही ब्राँझचे. ब्राँझ उघड्यावर राहिलं की हवेतल्या गंधकाने वर काळा थर चढतो आणि तोच थर आतल्या धातूला सांभाळतो. म्हणून असे पुतळे चिंच किंवा पावडर लावून घासायचे नसतात. साध्या पाण्याने धुवून, पूर्ण सुकवून वर मेणाचा हात द्यायचा.

पुराणवस्तू | सोमवार, सकाळी १०.५८

आता म्युझियमबद्दल, कारण यादीत तेच सर्वात मोठं आहे आणि लोक त्यालाच सर्वात कमी वेळ देतात.

इथे दोन इमारती आहेत. म्युझियमची स्थापना १८८७ ची, इमारत १८९४ ची. शेजारची चित्रशाळा १९०८ ला सुरू होऊन १९१४ ला बांधून झाली, पण उघडली १९२१ मध्ये. चित्रं युरोपात खरेदी केलेली होती आणि पहिल्या महायुद्धामुळे तिकडेच अडकली. निवड लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांनी केली होती.

माहितीपत्रकांत वास्तुविशारद म्हणून मेजर माँटचं नाव असतं. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने आखला तोच हा माँट. पण तो १८८१ मध्येच वारला. म्युझियमचं श्रेय म्हणून मुख्यतः रॉबर्ट चिझमला द्यायला हवं. लक्ष्मी विलास पूर्ण करणाराही तोच.

पाहायचा क्रम नेहमीच्या उलटा ठेवा. शाळांच्या सहली आल्या आल्या इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा यांच्याकडे धावतात, तिथे जेवणाच्या वेळेपर्यंत उभं राहायला जागा नसते. तुम्ही चित्रशाळेपासून सुरुवात करा, मग लघुचित्रं, मग अकोट्याची ब्राँझ, आणि ममी-देवमासा शेवटी.

अकोट्याच्या मूर्तींसमोर मात्र थांबा. आजचं अकोटा म्हणजे विश्वामित्रीच्या पश्चिम काठावरचं प्राचीन अंकोट्टक. बडोद्याच्या आधीची वस्ती ती. १९५१ मध्ये तिथे जैन ब्राँझमूर्तींचा मोठा साठा सापडला, साधारण सहाव्या ते अकराव्या शतकातला. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यातली चामरधारिणी हातभरही उंच नाही, पण कमरेची वळण आणि मागे झुकलेला खांदा बाजूने बघा. समोरून बघून पुढे सरकणाऱ्याला ती कळत नाही. काचेवर दिव्याची तिरीप येते, म्हणून किंचित डावी-उजवीकडे सरकून बघावं लागतं.

उत्तरमुखी | सोमवार, सकाळी ११.२०

'कमरेची वळण' नाही, 'कमरेचं वळण'. बाकी प्रतिसाद अप्रतिम.

पुराणवस्तू | सोमवार, सकाळी ११.२६

बरोबर, घाईत राहून गेलं.

चिंचपेटी | सोमवार, दुपारी १२.०२

तो देवमासा म्हणजे 'निळ्या देवमाशाचं पिल्लू' असं ऐकलंय. खरं का?

मगरमित्र | सोमवार, दुपारी १२.४५

सांगाडा बहात्तर फुटांचा, म्हणजे बावीस मीटरच्या घरातला. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच सात मीटरचं असतं आणि दूध सुटेपर्यंत पंधरा-सोळा मीटर होतं. बावीस मीटर म्हणजे वयात येत असलेला प्राणी. मुलीला ही तुलना आधी सांगून ठेवा, मग सांगाड्याच्या कडेने पावलं मोजायला लावा. नऊ वर्षांच्या मुलीची चाळीसहून जास्त पावलं होतील.

आता मगरी. दिसतात, आणि डिसेंबर हा त्यासाठी उत्तम महिना आहे. मगर थंड रक्ताची. रात्री गारठली की सकाळी ऊन खायला काठावर येते. थंडीत साडेनऊ ते साडेबारा ही वेळ. नदीवरच्या पुलावरून बघा, आठपट दुर्बीण पुरते. पाण्यात शोधत बसू नका. चिखलाच्या उतारावर, पाण्यापासून दोन-चार हातांवर बघा. चिखल लागून सुकलेली मगर ओंडक्यासारखीच दिसते, म्हणून दर दहा मिनिटांनी तोच ओंडका पुन्हा तपासा, तोंड उघडलेलं दिसेल. अंगातली उष्णता कमी करायला ती जबडा उघडा ठेवते, तो रागाचा भाग नाही.

दोन गोष्टी करू नयेत. काठावर उतरू नये, आणि वरून खायला टाकू नये. खाणं टाकलं की मगर माणसाच्या सावलीकडे यायला शिकते, आणि त्याची किंमत पुढे नदीकाठच्या वस्तीतलं कोणीतरी मोजतं.

काठावरचा | सोमवार, दुपारी १.१०

दर पावसाळ्यात मगरी सोसायट्यांत शिरतात ते कसं विसरायचं? नदीकाठ पक्का बांधून टाकला तर दोघांचंही भलं होईल. साबरमतीचं उदाहरण समोर आहे.

मगरमित्र | सोमवार, दुपारी १.४८

@काठावरचा, काळजी रास्त आहे, उपाय पटत नाही. मगर पुरात बाहेर येते कारण काठातल्या मातीत खणलेलं तिचं बीळ पाण्याखाली जातं आणि प्रवाहाचा जोर तिला पेलत नाही. ती शांत पाणी शोधत जाते, आणि तेव्हा शांत पाणी सोसायटीच्या आवारात असतं. काठ सिमेंटचा केला तर बिळं बाराही महिने बंद. मग ती वर्षभर दुसरी जागा शोधणार.

शिवाय अंडी. मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत हातभर खोल खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. साधारण दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात. म्हणजे पूर येण्याआधीची 'काठ साफ करण्याची' सगळी कामं बरोबर विणीच्या हंगामावर येतात. काम करायचंच तर डिसेंबर-जानेवारीत, आणि खालून वर अशा टप्प्यांनी, म्हणजे प्राण्याला सरकायला वाव राहतो.

सयाजीगंजकर | सोमवार, दुपारी २.२०

पुराचं थोडं सांगतो, बागेशी थेट संबंध आहे. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते. वर आजव्याचा तलाव, सयाजीरावांच्या काळातला, शहराला पाणी देण्यासाठी बांधलेला. डोंगरात पाऊस, आजव्यातून विसर्ग आणि शहरात पाऊस हे तिन्ही एका दिवशी जुळले की पाणी बागेत येतं. ३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलापाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे २६ फूट आहे. पावसाळ्यात येणाऱ्यांनी बातम्यांत हाच 'काळा घोडा' आकडा बघावा. पंचविशीकडे सरकायला लागला की बेत रद्द करावा.

मातीकाम | सोमवार, दुपारी ३.०५

पुरानंतर बागेचं काय होतं हे फारसं कोणी लिहीत नाही. पाणी दोन दिवसांत ओसरतं, गाळ राहतो. हिरवळीवर बोटभर बारीक गाळ बसला की खालच्या मुळांना हवा मिळत नाही आणि चार-पाच दिवसांत गवत पिवळं पडतं. गाळ ओलसर असतानाच लाकडी फळीने ओढून काढायचा. वाळला की त्याची पापडी होते, आणि ती उचलताना गवतही उपटून येतं. मग काट्याने भोकं पाडून वर अर्धा इंच जाड वाळू पसरायची.

मोठी झाडं पुरानंतर उन्मळतात त्यामागे बहुतेकदा बुंध्याभोवतीची फरशी असते. फरशीखाली मुळं उथळ राहतात आणि भिजलेल्या काळ्या मातीत त्यांची पकड सुटते. बुंध्यापासून निदान एक मीटर जमीन उघडी हवी.

आणि फुलांच्या घड्याळाला यादीत पाच मिनिटं नकोत, पंधरा द्या. तबकडीचा व्यास वीस फूट, म्हणजे क्षेत्रफळ २९ चौरस मीटरच्या आसपास. अशा तबकडीवर अल्टरनँथेरासारखी बुटकी, रंगीत पानांची रोपं दहा-दहा सेंटिमीटरवर लावायची म्हटलं तर तीन हजारांच्या घरात रोपं लागतात. यंत्र जमिनीखाली असतं. अशा घड्याळांची दुखणी ठरलेली: रोपं चार बोटांहून उंच गेली की काट्याला घासतात आणि घड्याळ मागे पडतं, म्हणून पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी कात्री. दुसरं, पाणी जास्त झालं की ते यंत्राच्या खड्ड्यात झिरपतं. तिसरं, मिनिटकाटा लांब असल्याने मागच्या टोकाला वजन नीट नसेल तर तो उतरताना पळतो आणि चढताना अडतो. मुलीला सांगा, मिनिटकाटा नऊवरून बारापर्यंत चढताना बघ.

चिंचपेटी | सोमवार, दुपारी ३.१६

मातीकाम, नमस्कार घ्या. आता कुठलंही घड्याळ बघताना नऊ ते बाराच बघणार.

निळीशाई | सोमवार, दुपारी ४.००

यादीत वड नाही.

भटकी_पिशवी | सोमवार, दुपारी ४.११

कोणता वड? वडोदरा नाव वडावरून, तो का?

निळीशाई | सोमवार, संध्याकाळी ५.३०

नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्याच्याखाली बसले, तो वड.

१९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. त्याप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी मुक्कामगृहात पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना दहा-बारा माणसं काठ्या घेऊन जिना चढून आली. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर, नाहीतर बघ. त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. दोघांनीही घरचं कारण सांगितलं. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

ती तारीख २३ सप्टेंबर १९१७ मानतात आणि त्या जागेला 'संकल्प भूमी' म्हणतात. दरवर्षी त्या दिवशी महाराष्ट्रातूनही माणसं येतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने ही जागा राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक करावी अशी शिफारस केली, साताऱ्याच्या त्यांच्या शाळेसोबत.

आपण मराठी माणसं बडोद्याला जातो, ममी बघतो, घड्याळासमोर फोटो काढतो आणि परत येतो. बागेतली सर्वात मोठी गोष्ट ती आहे, आणि तिला तिकीट नाही.

उत्तरमुखी | सोमवार, संध्याकाळी ५.५२

हे वाचून गप्प झालो. सयाजीरावांनीच शिक्षणाला पाठवलं, त्यांचीच नोकरी, त्यांचीच बाग, आणि शहरात एक खोली नाही.

पुराणवस्तू | सोमवार, संध्याकाळी ६.२०

@उत्तरमुखी, म्हणूनच बाग समजून घ्यायला हवी. ती लोकांना खुली झाली जानेवारी १८७९ मध्ये. तेव्हा सयाजीराव सोळाही वर्षांचे नव्हते, कौळाण्याहून दत्तक येऊन चारच वर्षं झालेली, आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे होता. पूर्ण अधिकार १८८१ मध्ये मिळाले. त्यामुळे 'सयाजीरावांनी बांधली' हे वाक्य अर्धंच. पण पुढे म्युझियम, चित्रशाळा, सक्तीचं प्राथमिक शिक्षण, ग्रंथालयं हा सगळा एक विचार होता: जे राजवाड्यात आहे ते रस्त्यावरच्या माणसाला फुकट बघता यावं. संस्थानच्या बागांसाठी १८९३ मध्ये लंडनच्या क्यु वनस्पती उद्यानातून क्रुंबीगेल हा उद्यानतज्ज्ञ आणला, तोच पुढे बंगळूरच्या लालबागेत गेला. दार सगळ्यांना उघडं असलेली जागा शहरात त्या दिवशी ही एकच होती, असं म्हणायला हरकत नाही.

निळीशाई | सोमवार, संध्याकाळी ६.४१

हरकत थोडी आहे. दार उघडं होतं म्हणून ते तिथे गेले नाहीत, बाकी सगळी दारं बंद होती म्हणून गेले. बागेचं कौतुक जरूर करू, पण शहराचा हिशेब त्यात मिटवायला नको.

पुराणवस्तू | सोमवार, संध्याकाळी ६.५०

मान्य. वाक्य मागे घेतो.

मातीकाम | सोमवार, रात्री ८.१५

वडाला भेट देणाऱ्यांसाठी एक विनंती. बुंध्याला टेकून मेणबत्त्या लावू नका. सालीखालचा जिवंत थर कागदाच्या जाडीचा असतो, आचेने तो मरतो आणि तिथून बुरशी शिरते. हार-दोरे आवळून बांधू नका. पारंब्यांना लोंबकळू नका: पारंबीचं टोक मोडलं की ती जमिनीपर्यंत पोहोचायची थांबते, आणि म्हाताऱ्या वडाच्या आडव्या फांद्या पारंब्यांच्याच आधारावर उभ्या राहतात. जिथे आधार हवा असतो तिथे उभा चिरलेला बांबू पारंबीभोवती बांधून त्यात माती आणि शेणखत भरतात आणि ओल टिकवतात. दोन-तीन पावसाळ्यांत पारंबी जमीन धरते. फुलं वाहायचीच तर मुळांपासून दूर ठेवा, सडलेल्या ढिगाखाली माती कोंदते.

चिंचपेटी | सोमवार, रात्री ८.४०

विषय गंभीर चाललाय, पण जेवणाचं कोणीच सांगितलं नाही.

सयाजीगंजकर | सोमवार, रात्री ९.०२

शेव-उसळ. बडोद्याची ही ओळख आहे आणि तिचं मूळ आपल्या उसळीतच आहे. सुके वाटाणे रात्रभर भिजवून शिजवलेले, वर लाल तरी, जाड शेव, कांद्याची पात, सोबत पाव. तरी वेगळी मागा, ज्येष्ठांना आणि मुलीला बिनतरीची द्या. मिसळीसारखा फरसाण शोधू नका, शेव एकच आणि ती तरीत मऊ व्हायच्या आत खायची.

उत्तरमुखी | सोमवार, रात्री ९.१०

मिसळच वरचढ. पण हा वेगळ्या धाग्याचा विषय.

भटकी_पिशवी | मंगळवार, सकाळी ७.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी पुन्हा लिहिली. तारांगण आणि छोटी गाडी वगळली. गुरुवार आणि सुट्टी टाळून तारीख धरली.

९.००: काळा घोडा. ९.३० ते १०.३०: पुलावरून मगरी. १०.३० ते १.००: म्युझियम, चित्रशाळेपासून. मग शेव-उसळ. २.०० ते ३.३०: प्राणिसंग्रहालयाचा फक्त एक काठ, आणि घड्याळ. ४.००: वड, आणि गाडीच्या वेळेपर्यंत तिथेच. काही चुकतंय का?

सयाजीगंजकर | मंगळवार, सकाळी ८.२०

छोटी गाडी काढू नका, मुलगी नाराज होईल. दीडला, जेवण झाल्यावर, ज्येष्ठांनाही तीत बसवा. तेवढाच पायांना आराम. प्राणिसंग्रहालय अडीचला धरा.

मगरमित्र | मंगळवार, सकाळी ८.३४

साडेनऊला धुकं असेल तर म्युझियम आधी करा आणि मगरी बाराला. ऊन नसेल तर त्या वर येणार नाहीत.

निळीशाई | मंगळवार, सकाळी ९.०५

चारची वेळ बरोबर धरलीत. डिसेंबरात सहाच्या आसपास अंधार पडतो आणि नदीकाठामुळे गारवा लवकर येतो. ज्येष्ठांसाठी शाल आणि बसायला सतरंजी घ्या. वडाखाली दगड गार असतात.